माफीची चटई

२ जून, मंगळवार

ए प्लस मिळाला. घरी अजून सांगितलेलं नाही, कारण पहिला प्रश्न ठरलेला – "कशात? डॉक्टरकीत का त्या दुसऱ्यात?"

दोन्हीत! दोन्हीत मिळून! चौथं वर्ष चालू आहे, तरी आमच्या चर्चमधल्या एकाही बाईला मी काय शिकते ते कळलेलं नाही. राज्यशास्त्र आणि आरोग्यशास्त्र, एकदम, दोन पदव्या एकत्र. रविवारी सेपेला आजी सगळ्यांसमोर म्हणाली, "म्हणजे तिनो अर्धी डॉक्टर नि अर्धी पंतप्रधान. पूर्ण काहीच नाही होय गं?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. पप्पाही हसले. पप्पांना पहिली अर्धीच हवी होती. दुसरी मी भांडून घेतली.

विद्यापीठात याच्या उलट. आरोग्यवाल्यांना वाटतं मी भाषणबाज, राज्यशास्त्रवाल्यांना वाटतं मी नर्स होणार. आणि दोन्हीकडे एक गोष्ट सारखी – पडद्यावर "दक्षिण ऑकलंड, सामोअन मुले" असं काही आलं की तीस माना माझ्याकडे वळतात. आजही वळल्या. मी वहीत डोकं घालून बसले.

निबंध संधिज्वरावर होता. आमच्या भागातला लाडका रोग! आधी पोराचा नुसता घसा दुखतो. कुणी बघत नाही. काही आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप चढतो आणि हृदयाची झडप खराब होते ती कायमची. म्हणून आमच्या शाळांत नर्सा येतात, घशात कापसाची काडी फिरवतात, जंतू सापडले की औषध देतात. मी लिहिलं – हे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणं. रोग घशात तयार होत नाही, घरात होतो. ओल्या भिंती, एका खोलीत सहा जणं, हीटर लावायची सोय नाही. सरकारने आधी घरं नीट करावीत, नुसती काडी फिरवून हात झटकू नयेत.

खरं आहे तेच लिहिलंय.

५ जून

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका कार्यालयात काम करावं लागतं. माझ्या वाट्याला आरोग्य मंडळ आलंय. तिथली माझी वरिष्ठ फिलिपा. तिने निबंध वाचला आणि म्हणाली, "अध्यक्षांना देऊ का? त्यांना फार आवडेल बघ."

द्या की! मी तर टुणकन उडालेच खुर्चीतून.

१६ जून, मंगळवार

अध्यक्ष ग्रेंजर यांनी आत बोलावलं. उठून हात मिळवला. फुआतिनोचं "फ्युटिना" केलं, पण ते सगळेच पालांगी करतात, गोऱ्यांची जीभच वळत नाही. म्हणाले, "तुम्ही आमचे डोळे उघडलेत." चहा, बिस्किटं. मी पार हरभऱ्याच्या झाडावर.

घरी येऊन आईला सांगितलं. आई विमानतळाच्या स्वयंपाकघरात ताटं भरते. तिने तिच्या कामाच्या पाळीतल्या सगळ्यांना सांगितलं. पप्पा म्हणाले, "डोळे उघडले म्हणजे डोळ्यांची डॉक्टर होणार का?" – आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

३० जून, मंगळवार

केंद्रं बंद. शाळांतली घसा तपासायची सगळी केंद्रं बंद! उद्यापासून.

निवेदनात लिहिलंय – "खुद्द सामोअन समाजातील तरुण अभ्यासकांनीही दाखवून दिले आहे की ही तपासणी म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे." अभ्यासकांनी! अनेकवचन! एकटी मी आहे तिथे!

नळाची ओळ जशीच्या तशी. घरांची ओळ कुठे गेली? सरळ फिलिपाच्या टेबलापाशी गेले. ती म्हणाली, "अगं पण घरं आपल्या खात्यात येत नाहीत ना."

नळ तसाच ठेवला आणि फडकं उचलून नेलं. आणि वर माझ्या नावाने!

राज्यशास्त्राच्या सरांना जाऊन भेटले. त्यांचे डोळे चमकले. "वा! धोरण कसं पळवलं जातं याचं इतकं स्वच्छ उदाहरण मिळत नाही. पुढच्या वर्षी वर्गात घेऊ या का हे?" कपाळ माझं! आरोग्याच्या बाईंनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तू ताण घेऊ नकोस, झोप नीट होते ना?

१ जुलै

घरी कुणाला काही सांगितलं नाही.

५ जुलै, रविवार

चर्चमध्ये पाद्रींनी केंद्रं बंद झाल्याचं सांगितलं. बायका चुकचुकल्या. कुणीतरी म्हणालं, "त्या मंडळात आपली तिनो आहे ना, तिला सांगा." सगळ्या माझ्याकडे आशेने बघायला लागल्या. मी गाण्याचं पुस्तक उघडून पानं चाळायला लागले.

मुलांच्या गाण्यात वाओसाच्या लांगीचा आवाजच फुटत नव्हता. आठ वर्षांची पोर, तोंड उघडतेय आणि आत नुसती हवा. वाओसा लहानपणी मला रविवारच्या शाळेत सांभाळायची, आता तीन पोरांची आई, दोन ठिकाणी कामाला. तिची सासू म्हणजे सेपेला आजी. वाओसाला म्हटलं, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, "शाळेतल्या नर्सने बघितलं असतं गं. आता सुट्टी कधी काढू? बघते शनिवारी."

एवढं बोलून मी पानिकेके, आमचे तळलेले गोड गोळे, खात बसले. चांगले गरम होते. पाच खाल्ले.

२८ जुलै, मंगळवार

लांगी हॉस्पिटलात.

गुडघे फुटबॉलएवढे. मग घोटे. ताप उतरत नाही. हृदयाची झडप गळतेय. आता दर महिन्याला मांडीत इंजेक्शन, मोठी होईपर्यंत. आणि झडप किती टिकेल ते कुणी सांगत नाही.

वाओसा बाहेर भिंतीला टेकून उभी होती. गणवेशातच, केसांची जाळीसुद्धा काढली नव्हती. "डॉक्टर भराभरा बोलले. तुला कळतं ना हे सगळं? मला नीट सांग." मी नीट सांगितलं. झडप म्हणजे काय, गळते म्हणजे काय, इंजेक्शन का. हाताने दाखवून सांगितलं. ती म्हणाली, "किती छान समजावतेस गं." मला तिथेच फरशीत गडप व्हावंसं वाटलं.

ती ओळ माझी आहे हे नाही सांगितलं. दोन पदव्या, आणि जीभ एक हलेना.

३१ जुलै

वाओसा बोलणार! लोकांनी सह्या केल्यामुळे मंडळाला जाहीर सुनावणी घ्यावी लागतेय – २० ऑगस्ट, गुरुवार. नियम असा की ज्या घरात केंद्र बंद झाल्यावर मूल आजारी पडलं, त्या घरचं माणूस बोललं तर मंडळाला निर्णय पुन्हा मतदानाला टाकावा लागतो. नियम मीच शोधून काढला. तसं घर आजपर्यंत एकच आहे.

मी तिच्याकडून तयारी करून घेतेय. आणि बाई काय बोलते! मी म्हटलं, आकडे आधी सांग. ती म्हणाली, "आकडे त्यांच्याकडे आहेत. लांगी माझ्याकडे आहे. मी लांगीचं सांगणार." माझी चार वर्षांची विद्या गेली चुलीत. तिचंच बरोबर.

२ ऑगस्ट, रविवार

आज संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर सांगून टाकलं. सहनच होईना. निबंध, नळ, फडकं, सगळं.

आई रडायला लागली. पप्पांनी विचारलं, "ती ओळ तुझी?"

"हो, पण त्यांनी अर्धीच –"

"पण नंतर. ओळ तुझी?"

"माझी."

पप्पा उठले आणि पलंगाखालून आईची लग्नातली इए तोंगा बाहेर काढली. ती मऊ, रेशमासारखी विणलेली चटई – आमच्याकडे लग्नात नाही तर मयतातच बाहेर निघते. मला कळलं काय चाललंय – इफोंगा, चटई पांघरून समोरच्याच्या दारात बसून माफी मागायची आमची रीत – आणि मला चक्क हसू फुटलं! "पप्पा, इफोंगा कुणी मेलं तर करतात. गाडीखाली कुणी आलं तर करतात. निबंधासाठी कुणी इफोंगा करतं का? आणि केली तर ग्रेंजरने करावी!"

पप्पा म्हणाले, "कागदाने माणूस मरत नाही असं शिकवतात का तुला तिथे?"



८ ऑगस्ट, शनिवार

पहाटे गेलो. सगळं घर – काका, दोन्ही आत्या, त्यांची पोरं, आम्ही. वाओसाच्या सरकारी घरासमोर ओल्या गवतावर रांगेने मांडी घालून बसलो. पुढे पप्पा, डोक्यावरून ती चटई पांघरून. चर्चमध्ये, लग्नात, मयतात, कुणाच्याही वतीने बोलायला पप्पाच उठतात – तो त्यांचा मान आहे, गावाकडून चालत आलेला. आणि आज ते तोंड झाकून गप्प. जुन्या काळी घरातून कुऱ्हाड घेऊन कुणी धावून आलं तरी हलायचं नाही अशी रीत होती. आम्हीही हललो नाही. थंडीने दात वाजत होते.

एक पालांगी शेजारी कुत्रं फिरवत आला, थबकला, चटईकडे बघून घाबरला. "कुणाला बरं नाहीये का? रुग्णवाहिका बोलावू?" काका म्हणाले, "नको, आमचं चालू आहे." त्याने थोडं पुढे जाऊन फोटो काढला.

उजाडलं. दार उघडलं. सेपेला आजी आली, काठी टेकत, तिच्या मागे वाओसा. आजीला आतून सगळं कळलेलं असणार, काल काकांनी पाद्रींच्या कानावर घातलं होतं. ती पप्पांसमोर खूप वेळ उभी राहिली. मला वाटलं, परत जाते. मग वाकून चटई उचलली आणि म्हणाली, "ऊठ, इओआने. दव पडलंय. गुडघे धरतील तुझे."

सगळे हमसून रडले. मीसुद्धा. वाओसाने मला घट्ट मिठी मारली, मग पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, मग परत मिठी. "आधी सांगितलं असतंस तर जीव घेतला असता तुझा." मग आत गरम कोको, डब्यातलं मांस, कांदा. इए तोंगा आजीने घडी घालून आपल्या खोलीत नेली. माफी दिली, चटई ठेवून घेतली, संपलं.

इतकं हलकं वाटतंय! पप्पांना मी किती हसले होते.

१० ऑगस्ट, सोमवार

मी मूर्ख. महामूर्ख.

वाओसाकडे गेले, म्हटलं चल, तयारी करू, दहा दिवस राहिलेत. ती भांडी विसळत होती. मागे न वळता म्हणाली, "आता नाही बोलायचं."

"नाही म्हणजे?"

"माफ केलं ना आम्ही. ज्या गोष्टीसाठी चटई उचलली तीच गोष्ट मी चारचौघांत काढू? लोक म्हणतील यांची माफी तोंडदेखली."

"मला माफ केलंत! त्यांना नाही!"

"ओळ एकच आहे ना गं? तुझी नि त्यांची? मग तुझ्यावर माती टाकायची नि त्यांचं उकरायचं, ते कसं?"

आतून सेपेला आजी ओरडली, "चटई मी उचललीय. माझ्या जिवंतपणी या घरातून त्यावर शब्द निघणार नाही." झालं! काठी आपटली तिने जमिनीवर.

घरी येऊन पप्पांवर तुटून पडले. "तुम्ही तिचं तोंड शिवलंत! एकुलती एक साक्षीदार होती ती! तुमच्या चटईपायी बाकीच्या शाळांतली पोरं मरणार!" पप्पा बुटाची नाडी बांधत होते, पाळीवर निघाले होते, विमानात सामान चढवायला. म्हणाले, "मी माझ्या घराचं बघितलं." मी म्हटलं, "हो ना, तुमचं घर स्वच्छ झालं. आता निजा सुखाने." आईने हातातलं फडकं माझ्या तोंडावर फेकलं. "बापाशी बोलतेस तू!"

पण घर स्वच्छ झालं ते माझं. हलकं मला वाटलं. किंमत लांगीने मोजली. हे पप्पांना म्हटलं नाही, इथे लिहितेय.

१२ ऑगस्ट, बुधवार

त्या शेजाऱ्याने फोटो टाकला होता. फिरत फिरत ग्रेंजरपर्यंत गेला.

आत बोलावलं. परत बिस्किटं. "किती सुंदर परंपरा आहे तुमची! मला खरंच भरून आलं. सुनावणीच्या सुरुवातीलाच मी सांगणार आहे की समाजाने आपल्या पद्धतीने समेट केलाय. त्या कुटुंबाच्या मनात आता काही नाही, बरोबर ना?"

बरोबर. गवतावर पप्पा बसले. माफी यांना पोहोचली, बसल्याजागी, चहाबरोबर!

मग म्हणाले, पदवी झाली की इथेच या. सांस्कृतिक सल्लागार म्हणून. "आम्हाला दोन्ही जगं कळणारं माणूस हवंय." फिलिपाने टाळ्या वाजवल्या. मी थँक्यू म्हटलं. म्हटलं मी थँक्यू! तोंडातून आपोआप निघालं.

जेवताना हे सगळं मुद्दाम मोठ्याने सांगितलं, पप्पांना ऐकू जावं म्हणून. ते तारोचा कंद खात होते. एवढंच विचारलं, "माझं नाव घेतलं त्याने?"

"हो. इओआनेचं इओनी केलं."

परत जेवायला लागले. दगड आहे माणूस.

१४ ऑगस्ट

मी स्वतः बोलते म्हटलं. फिलिपा म्हणाली, मंडळात काम करणाऱ्यांना सुनावणीत बोलता येत नाही. काम सोडलं तर पदवी नाही. दोन्ही नाहीत. आणि सोडून बोलले तरी मी "त्या घरातली" नाही, म्हणजे मतदान होणारच नाही. नियम मीच शोधलाय, मला माहीत आहे.

तरी सोडायचं पत्र लिहिलं. मग पुसलं. भित्री.

१६ ऑगस्ट, रविवार

पाद्रींनी प्रवचनात पप्पांचं उदाहरण दिलं. नम्रता म्हणजे काय ते इओआनेकडून शिका. सगळं चर्च वळून बघतंय, आणि पप्पा मान खाली घालून. मी मनात म्हटलं, घ्या, मिरवा!

लांगी घरी आलीय. जिना चढताना मध्येच बसते. मला म्हणाली, "तू डॉक्टर आहेस ना? मग हे कधी थांबणार?"

चार दिवस पप्पांशी बोललेले नाही. त्यांनीही माझ्याशी नाही.

१८ ऑगस्ट, मंगळवार

आईचा फोन आला तेव्हा मी मंडळात होते. काही कळेचना, नुसती रडत होती. घरी धावले.

पप्पा सकाळी एकटेच वाओसाच्या घरी गेले. भर उजेडात, गल्ली बघत असताना. सेपेला आजीला म्हणाले, "ती चटई परत दे. मला तुझी माफी नको." दिलेली इए तोंगा परत मागायची! असं कुणी केल्याचं कुणी ऐकलेलंही नाही. आजी थुंकली. मग चटई आणून त्यांच्या अंगावर फेकली आणि दार लावलं. दुपारपर्यंत पाद्रींचा माणूस येऊन गेला. पुढच्या बाकावर बसायचं नाही. कुणाच्या लग्नात, मयतात, यापुढे कुणी पप्पांना बोलायला उठवणार नाही. काका म्हणाले, आम्हाला तोंड दाखवू नकोस.

पप्पा स्वयंपाकघरात बसले होते, चटई मांडीवर. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "माफी परत केली. आता बोलू दे तिला."

आत्ता वाओसाचा निरोप आला. गुरुवारी ती बोलणार आहे. आणि पहिलं नाव माझं घेणार आहे.